पोलंडची पोंच्की घरच्या कढईत

गोव्यात कार्निव्हलची मिरवणूक ज्या शनिवारी निघते, त्याच्या आदल्या गुरुवारी पोलंडमध्ये मिठाईच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात. ईस्टरच्या ५२ दिवस आधी येणाऱ्या या दिवसाला तिथे ‘चरबीचा गुरुवार’ म्हणतात आणि त्या दिवशी घरोघरी पोंच्की खाल्ली जातात. पुढच्या बुधवारी लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासाचा काळ सुरू होतो. जुन्या काळी या उपासात अंडी, लोणी आणि चरबी वर्ज्य असत, त्यामुळे घरात असलेला हा साठा आधीच संपवण्याची रीत पडली आणि तो संपवण्यासाठी तळलेल्या गोड पदार्थांइतका सोयीचा मार्ग दुसरा नव्हता. एका नगाला पोंचेक आणि अनेकांना पोंच्की म्हणतात. मैदा, दूध, लोणी व अंड्यांचे भरपूर बलक घालून यीस्टने फुगवलेल्या पिठाचा हा तळलेला गोळा असतो, त्याच्या पोटात बहुधा गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा असतो आणि वरून साखरेचा पातळ लेप व संत्र्याच्या पाकवलेल्या सालीचे तुकडे असतात.

पोलंड आपल्याला अगदीच परके नाही. दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची, त्यातही मुख्यतः स्त्रिया आणि मुलांची, वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे होती आणि तिची आठवण दोन्ही देशांत आजही जपली जाते. स्वयंपाकाच्या दृष्टीने मात्र एक दुवा त्याहून जवळचा आहे. पोलिश गृहिणी गुलाबाच्या ताज्या पाकळ्या साखरेबरोबर खरलात घोटून जो मुरंबा करतात, त्याचा आपल्या गुलकंदाशी सख्ख्या भावंडाचा संबंध आहे, त्यामुळे या पदार्थाचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण सारण आपल्याला कोणत्याही किराणा दुकानात तयार मिळते.

उत्तम पोंचेकची एक खूण आहे. त्याच्या कमरेभोवती फिकट, जवळजवळ पांढरा पट्टा असतो आणि वरखालचे दोन्ही भाग गडद बदामी असतात. पीठ नीट फुगलेले असेल तर गोळा इतका हलका होतो की तो तेलात अर्धा वर राहून तरंगतो. एक बाजू तळून तो उलटला की दुसरी बाजू तळली जाते, पण मधल्या भागाला तेल फारसे लागतच नाही. पट्टा आला नाही याचा अर्थ गोळा जड होता, तेलात खोल बसला आणि बहुधा आतून दडसही राहिला. अठराव्या शतकातील पोलिश लोकजीवनाची बारकाईने नोंद करणारे धर्मगुरू येंजेय किटोविच यांनीही पोंचेकचे मोल हलकेपणावरच केले आहे. जुन्या पद्धतीचे पोंचेक फेकून मारले तर डोळा काळानिळा होईल, पण नव्या पद्धतीचे मुठीत दाबून सोडले तरी स्पंजासारखे पुन्हा फुगते, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मुठीत दाबून पाहण्याची ही परीक्षा आजही तितकीच उपयोगी आहे. खाली दिलेल्या कृतीतील प्रत्येक सूचना त्या पट्ट्यासाठी आणि या हलकेपणासाठी आहे.

साहित्य

पुढील प्रमाणात साधारण ६० ग्रॅमची १६ पोंच्की होतात. पिठासाठी मैदा ५०० ग्रॅम, दूध २०० मिली, पाच अंड्यांचे बलक आणि एक अख्खे अंडे, मीठ नसलेले लोणी ७० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल आणि एक मोठा चमचा रम, ब्रँडी किंवा व्होडका घ्यावी. तळण्यासाठी दीड लिटर तेल लागते. तळून झाल्यावर त्यातले बहुतेक शिल्लक राहते. सारण आणि लेपाचे साहित्य पुढे त्या त्या ठिकाणी दिले आहे. या पदार्थासाठी वजनकाटा वापरावा, कारण वाटीने मोजलेला मैदा कधी दाबून तर कधी सैल भरला जातो आणि एवढ्या मऊ पिठात ३०–४० ग्रॅमचा फरकही जाणवतो.

अंड्यांचे बलक एवढे कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. बलकातील स्निग्धांश आणि त्यातले लेसिथिन, म्हणजे स्निग्धांश व पाणी एकजीव ठेवणारा घटक, यांमुळे पिठाचा पोत मऊ होतो, रंग येतो आणि तळलेला गोळा लवकर शिळा पडत नाही. पांढरा भाग जास्त झाला तर पोंच्की कोरडी होतात. लिंबाची साल किसताना फक्त वरचा रंगीत थर घ्यावा. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते आणि किसणी जरा जोरात फिरली की खालचा कडू पांढरा भागही पिठात येतो.

मद्याचा चमचा चवीसाठी नसतो. पोलंडमध्ये त्यासाठी अतिशय तीव्र स्पिरिट वापरतात आणि त्यामुळे पीठ कमी तेल पिते, असे तिथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. ज्यांना मद्य चालत नाही त्यांनी तेवढेच पांढरे व्हिनेगर घालावे. अनेक पोलिश गृहिणीही तेच घालतात. माझ्या मते तेल कमी शोषले जाण्यात या चमच्यापेक्षा तेलाच्या योग्य तापमानाचा वाटा कितीतरी मोठा आहे, म्हणून घरात यांपैकी काहीच नसेल तर त्यासाठी बेत रद्द करण्याचे कारण नाही.

अंडी न खाणाऱ्यांसाठी अंड्यांऐवजी ६० ग्रॅम घट्ट, आंबट नसलेले दही आणि दोन मोठे चमचे दुधाची पावडर घ्यावी, दूध २४० मिलीपर्यंत वाढवावे आणि लोणी ९० ग्रॅम करावे. हे पीठ चांगले फुगते आणि पोंच्की मऊही होतात, पण बलकाने येणारा पिवळसर रंग आणि तो विशिष्ट भरदारपणा त्यांत येत नाही, हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

यीस्ट आणि पहिले सैल पीठ

इन्स्टंट यीस्ट बारीक रव्यासारखे दिसते, तर दाणेदार सुके यीस्ट त्याहून जाडसर असते आणि ते आधी कोमट दुधात दहा मिनिटे भिजवावे लागते. दाणेदार प्रकार असेल तर १० ग्रॅम घ्यावे. एखाद्या ओळखीच्या बेकरीतून ताजे ओले यीस्ट मिळाले तर २० ते २५ ग्रॅम पुरते. ते फिकट मातकट रंगाचे, ठिसूळ आणि गोडसर वासाचे असावे, चिकट झालेले घेऊ नये. यीस्टचे पाकीट एकदा फोडले की हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवावे. महिनोन् महिने फडताळात पडलेल्या पाकिटावर विसंबून सहा अंडी फोडू नयेत.

एरवी इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळले तरी चालते. पण अंडी, लोणी आणि साखर यांनी भरलेल्या पिठात यीस्टचे काम मंदावते, म्हणून पोलंडमध्ये आधी थोडे सैल पीठ वेगळे फुगवून घेतात आणि आपणही तसेच करावे. त्यात यीस्ट जिवंत आहे की नाही हेही कळून येते. एकूण मैद्यातील १०० ग्रॅम मैदा, १०० मिली कोमट दूध, यीस्ट आणि एक चहाचा चमचा साखर एका खोलगट भांड्यात एकत्र करून भज्यांच्या पिठाएवढे सैल करावे आणि झाकून ठेवावे. दूध ३५ ते ३८ अंश सेल्सियस असावे, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर तो गारही लागू नये आणि गरमही लागू नये. ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरू लागते, त्यामुळे शंका वाटल्यास दूध थोडे थंडच बरे. वीस ते तीस मिनिटांत हे पीठ दुप्पट होते, वर बुडबुड्यांची जाळी दिसते आणि भांडे हलवले की ते थरथरते. पाऊण तासानंतरही काही हालचाल नसेल तर यीस्ट निकामी आहे असे समजून नवे आणावे.

मळणे

मोठ्या परातीत उरलेला मैदा चाळून घ्यावा आणि त्यात मीठ व लिंबाची साल मिसळावी. बलक, अख्खे अंडे आणि उरलेली साखर वेगळ्या भांड्यात फेटून मिश्रण फिकट व फेसाळ करावे. मैद्यात आळे करून त्यात फुगलेले सैल पीठ, अंड्यांचे मिश्रण, उरलेले कोमट दूध आणि मद्य किंवा व्हिनेगर घालून हाताने एकत्र करावे. मैदा प्रत्येक कंपनीचा आणि प्रत्येक ऋतूतला थोडा वेगळा पाणी धरतो, म्हणून दुधातले शेवटचे २०–२५ मिली हातचे राखावे आणि पीठ घट्ट वाटले तरच घालावे. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल असते.

यापुढची वीस मिनिटे या पदार्थात सर्वांत कष्टाची आणि सर्वांत महत्त्वाची आहेत. सुरुवातीला पीठ बोटांना, तळहाताला, परातीला असे सगळीकडे चिकटते आणि वरून मैदा भुरभुरण्याचा मोह होतो; तो टाळलाच पाहिजे, कारण या टप्प्यावर घातलेला प्रत्येक मूठभर मैदा पोंचेक जड करतो. पीठ दाबून मळण्यापेक्षा एका हाताने उचलून, ताणून पुन्हा परातीत आपटावे आणि स्वतःवरच दुमडावे. दहा-बारा मिनिटांनी त्यात ताण येऊ लागतो आणि ते परात सोडू लागते. मग वितळवून कोमट केलेले लोणी तीन-चार वेळा थोडे थोडे घालून तिंबावे. लोणी पडले की आधी एकजीव झालेले पीठ पुन्हा फुटल्यासारखे होते, गुळगुळीत तुकडे हातातून निसटतात आणि सगळे बिघडले असे वाटते. दोन मिनिटे थांबू नये, तिंबतच राहावे. पीठ लोणी पिऊन घेते, पुन्हा जुळते आणि पहिल्यापेक्षा तुकतुकीत होते. लोणी शेवटी घालण्याचे कारण असे की ते आधीच घातले तर मैद्यातील ग्लुटेनच्या तारा जुळायला वेळ लागतो, आणि यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवण्याचे काम त्याच तारा करतात.

पीठ झाले की नाही हे पाहण्यासाठी लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच ताणावा. तो न फाटता इतका पातळ झाला पाहिजे की पलीकडचा उजेड त्यातून दिसावा. लगेच फाटत असेल तर आणखी पाच मिनिटे तिंबावे. ज्यांच्याकडे मळणीयंत्र आहे त्यांनी ते मध्यम गतीवर चालवावे, पण यंत्राने पीठ तापते, म्हणून अशा वेळी मळताना घालायचे उरलेले दूध थंड घ्यावे.

मग तेलाचा हात लावलेल्या भांड्यात पीठ ठेवून झाकावे आणि दुप्पट होऊ द्यावे. त्याला लागणारा वेळ घड्याळापेक्षा हवेवर अवलंबून असतो. २७–२८ अंशांच्या हवेत सव्वा तास ठीक असतो. मुंबई-कोकणाच्या उन्हाळ्यात तेवढेच काम पाऊण तासात होते, तर नाशिक-पुण्याच्या जानेवारीत दोन तासही लागतात. थंडीत बंद मायक्रोवेव्हमध्ये गरम पाण्याचा पेला ठेवून शेजारी पिठाचे भांडे ठेवले की पुरेशी ऊब मिळते. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात उलटी काळजी घ्यावी लागते, कारण फार वेगाने फुगलेल्या पिठाला यीस्टचा उग्र वास येतो आणि लोणी सुटून पीठ तेलकट होते. तिथे पीठ घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावे.

गोळे आणि दुसरे फुगणे

फुगलेले पीठ हलक्या हाताने दाबून त्यातील मोठी हवा काढावी आणि ६० ग्रॅमचे भाग करावेत. प्रत्येक भागाच्या कडा खाली ओढून तळाशी चिमटाव्यात आणि तळहाताच्या वाटीखाली ओट्यावर गोल फिरवून गोळा ताणलेला, गुळगुळीत करावा. ओट्यावर पीठ भुरभुरू नये, हाताला तेलाचा थेंब लावावा. भुरभुरलेला मैदा पुढे तेलात जळतो आणि शेवटच्या घाण्यापर्यंत तेल काळे होते.

सारण आधी भरावे की नंतर, याबाबत पोलंडमध्येही दोन्ही रीती आहेत. आधी भरायचे झाल्यास पुरणपोळीच्या उंड्याप्रमाणे वाटी करून मध्ये एक चमचा घट्ट सारण ठेवतात आणि तोंड बंद करतात. ही रीत दिसायला साधी आहे, पण गुलकंदाला पाक सुटतो, तोंड नीट बंद झाले नाही तर तो कढईत उतरतो आणि साखर जळून तेल अंगावर उडते. नवशिक्यांनी म्हणूनच गोळे रिकामेच तळावेत आणि सारण नंतर भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक गोळा बेकिंग पेपरच्या स्वतंत्र, तेल लावलेल्या चौकोनी तुकड्यावर ठेवावा. त्यामुळे तळताना गोळा हाताने उचलावा लागत नाही. फुगलेला गोळा बोटांनी उचलला की त्यातली हवा दबते आणि तासभराचे काम क्षणात वाया जाते. गोळ्यांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवून वर पातळ सुती कापड पसरावे. साधारण ३५ ते ५० मिनिटांत ते जवळजवळ दुप्पट होतात. ते तयार झाले का हे बोटाने पाहावे. बाजूला हलकेच दाबले असता खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू आणि अर्धवट भरला तर कढई तापवायला घ्यावी. मुळीच भरला नाही, तर वेळ टळून गेली आहे. कमी फुगलेला गोळा तेलात बुडतो, त्याला बाजूने भेग पडते, पट्टा येत नाही आणि आत कच्चा राहतो. जास्त फुगलेला उचलतानाच बसतो, तेल पितो आणि गार झाल्यावर त्याला सुरकुत्या पडतात. या दोन्हींमध्ये थोडा कमी फुगलेला गोळा परवडतो, कारण कढईतही तो आणखी थोडा फुगतो.

सोळा गोळे एकदम तयार केले तर आणखी एक अडचण येते. एका वेळी तीन-चारच तळता येतात, त्यामुळे शेवटच्या घाण्याचे गोळे वाट पाहून जास्त फुगतात. यासाठी अर्धे पीठ गोळे न करता फ्रीजमध्ये ठेवावे आणि पहिल्या आठ गोळ्यांनंतर वीस-पंचवीस मिनिटांनी त्याचे गोळे करायला घ्यावेत. गार पीठ फुगायला थोडा जास्त वेळ घेते, तेही इथे सोयीचेच ठरते.

तळणे

पोलंडमध्ये पोंच्की परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. ती गार झाल्यावर घट्ट होते, म्हणून तळलेल्या पोंच्कींचा हाताला तेलकटपणा लागत नाही. आपल्याकडे रिफाइंड शेंगदाणा तेल उत्तम. त्यात पाव भाग साजूक तूप मिसळले तर चवही येते आणि वरचा भाग कोरडा राहायला मदत होते. लाकडी घाण्याचे तेल एरवी कितीही चांगले असले तरी त्याचा वास गुलाबावर मात करतो, म्हणून इथे वापरू नये. कढई खोल आणि जाड बुडाची घ्यावी. तेलाची खोली निदान सात-आठ सेंटिमीटर असावी आणि कढईचा वरचा किमान एक तृतीयांश भाग रिकामा राहावा.

तेलाचे तापमान १७० ते १७५ अंश असावे. आपला हात पुरीसाठी चांगले कडक तेल तापवायला सरावलेला असतो, आणि पुरी पातळ असल्यामुळे ते तिला मानवते. पोंचेक जाड आहे आणि त्यात साखर आहे. पुरीच्या तेलात ते मिनिटभरात बाहेरून गडद होते आणि आत ओले पीठ तसेच राहते. उलट १६० अंशांच्या खाली तेल गेले तर गोळा कवच धरत नाही आणि तेल आत शिरते. स्वयंपाकाचा तापमापक आता फार महाग राहिलेला नाही, आणि यीस्टचे तळण वारंवार करणाऱ्याने तो घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. तो नसेल तर पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा तेलात टाकावा. तो टाकताच वर उसळून भराभर लाल झाला तर तेल फार तापले आहे. तळाशीच बसून राहिला तर गार आहे. तळाला जाऊन चार-पाच सेकंदांनी बारीक बुडबुड्यांसह वर आला आणि सावकाश रंगला तर योग्य आहे.

कागदासह गोळा तेलाजवळ न्यावा आणि वरची बाजू खाली जाईल अशा रीतीने अलगद सोडावा. कागद तेलाने भिजून सुटला की चिमट्याने काढून घ्यावा. वरची बाजू आधी तळायची कारण तोवर खालची, कागदावर चपटी झालेली बाजू उबेने वर फुगते आणि आकार दोन्हीकडून गोल होतो. काही पोलिश घरांत पहिली बाजू तळताना भांड्यावर झाकण ठेवतात, जेणेकरून वाफेने गोळा आणखी फुगावा. आपल्या पसरट तोंडाच्या कढईवर हे करू नये, कारण झाकणावर साचलेले पाणी उकळत्या तेलात पडले तर तेल अंगावर येते. प्रत्येक बाजूला दोन ते अडीच मिनिटे लागतात. उलटण्यासाठी झाऱ्यापेक्षा लाकडी काडी किंवा चमच्याचा दांडा बरा, आणि एकदाच उलटावे. घाणा काढला की पुढचा सोडण्यापूर्वी तेल पुन्हा तापमानावर येऊ द्यावे.

पहिल्यांदा एकच पोंचेक तळून पाहावे आणि दोन मिनिटांनी मधोमध फोडावे. आत धागेदार, कोरडी जाळी दिसली तर बाकीचे निर्धास्त सोडावेत. मध्यभागी ओलसर, चकचकीत ठिपका असेल तर आच थोडी कमी करून वेळ अर्धा मिनिट वाढवावा. तळलेली पोंच्की कागदावर एकावर एक रचू नयेत. चाळणीवर किंवा जाळीवर सुटी ठेवावीत, नाहीतर खालचा भाग वाफेने ओला होतो.

सारण आणि लेप

गुलकंद साधा, गुलाब आणि साखर एवढाच असलेला आणावा. विड्यासाठी बडीशेप, वेलची वगैरे घातलेला गुलकंद इथे चालत नाही, त्याने सगळी चव पानाच्या दुकानाकडे वळते. १५० ग्रॅम गुलकंद मिक्सरमध्ये एकदा फिरवून घ्यावा, कारण पाकळ्यांच्या चोयट्या सारण भरायच्या पिशवीच्या नळीत अडकतात. नुसता गुलकंद फार गोड लागतो, त्याला आंबटपणाची जोड हवी. त्यासाठी ५० ग्रॅम घट्ट स्ट्रॉबेरी जॅम आणि एक चहाचा चमचा लिंबाचा रस घालावा. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम नेमका फेब्रुवारीत असतो, तेव्हा ताज्या फळांचा कमी साखरेचा, दाट आटवलेला जॅम घरी केला तर फारच उत्तम. पोलंडमध्ये गुलाबाखालोखाल आलुबुखाराचा जवळजवळ बिनसाखरेचा, काळपट होईपर्यंत आटवलेला मुरंबा लोकप्रिय आहे आणि त्याची आंबट चव ज्यांना गोड फार चालत नाही त्यांना अधिक आवडेल. पोंच्की कोमट झाल्यावर फिकट पट्ट्यावर सुरीच्या टोकाने छिद्र पाडून, लांब नळीच्या पिशवीने प्रत्येकी १० ते १२ ग्रॅम सारण भरावे. गरमागरम असताना भरले तर सारण पातळ होऊन जाळीत झिरपते.

लेपासाठी १५० ग्रॅम पिठीसाखर वस्त्रगाळ करून तिच्यात दोन मोठे चमचे गरम पाणी व थोडा लिंबाचा रस घालून चमच्यावरून जाड धारेने पडेल असे मिश्रण करावे. पोंचेक अजून कोमट असतानाच त्याची वरची बाजू यात बुडवावी. उबेमुळे लेप पातळ पसरतो आणि वाळल्यावर अर्धपारदर्शक, कुरकुरीत होतो. संत्र्याच्या सालीसाठी दोन संत्र्यांची साल पांढरा भाग खरवडून बारीक चिरावी, दोन वेळा उकळून पाणी टाकून द्यावे आणि मग १०० ग्रॅम साखर व १०० मिली पाण्याच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवावी. वॉर्सात नोवी श्व्यात रस्त्यावरील ब्लिक्ले या १८६९ सालापासूनच्या दुकानात मिळणारी गुलाबाच्या मुरंब्याची आणि संत्र्याच्या सालीची पोंच्की प्रसिद्ध आहेत, आणि ही जोडी एवढी टिकून राहण्याचे कारण पहिल्या घासातच कळते: सालीचा किंचित कडवटपणा गुलाबाची गोडी तोलून धरतो. एवढा खटाटोप नको असेल तर नुसती पिठीसाखर भुरभुरावी, पण ती पोंच्की पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर ती विरघळून चिकट होते.

पोंच्की त्याच दिवशी खावीत. उरली तर झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावीत. फ्रीजच्या थंडाव्यात त्यातील स्टार्च लवकर घट्ट होतो आणि ती बाहेर ठेवलेल्यांपेक्षा आधी शिळी लागतात. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद ठेवली की पुन्हा मऊ होतात, मात्र लेप थोडा ओलावतो. फार उरणार असतील तर सारण व लेप न लावता गोठवावीत आणि खाण्याच्या दिवशी मंद ओव्हनमध्ये गरम करून मग भरावीत. तळणीचे तेल पूर्ण गार झाल्यावर सुती कपड्यातून गाळून घ्यावे. त्याचा रंग फारसा बदललेला नसेल तर ते भाजी-फोडणीसाठी चालते, पण त्यात पुन्हा पोंच्की तळू नयेत, कारण वापरलेल्या तेलात ती लवकर गडद होतात आणि तो फिकट पट्टा स्वच्छ येत नाही.